बेडरेस्ट सांगितली, आता रजा कुठली टाकायची?

या वेळच्या पत्रांत एकच चूक वेगवेगळ्या रूपांत दिसली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, त्याच संध्याकाळी घाबरून प्रसूती रजेचा अर्ज गेला आणि पुढे बाळ हातात आल्यावर आठवडे कमी पडले. गुंतागुंतीच्या गरोदरपणात रजा किती आहे यापेक्षा ती कोणत्या क्रमाने खर्च करायची हे महत्त्वाचं असतं. आणि हा क्रम बहुतेक वेळा डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या दोन ओळींवर ठरतो.

उत्तरांकडे वळण्याआधी एक खुलासा. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, हे दोन्ही आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले, पण खाली दिलेले आठवडे, दिवस आणि अटी त्याच राहिल्या. एचआरच्या पत्रात जुनं कलम दिसलं म्हणून बिचकू नका.

प्रश्न : हिंजवडीत आयटी कंपनीत आहे. २४वा आठवडा चालू आहे. वार (प्लासेंटा) खाली आहे, एकदा रक्तस्राव झाला, आता पूर्ण विश्रांती सांगितली आहे. एचआर म्हणतं, ‘आजपासूनच मॅटर्निटी लीव्ह सुरू करा.’ सात सिक लीव्ह आणि बावीस पीएल (हक्काची पगारी रजा) शिल्लक आहेत. काय करू?
— वाचक, वाकड

आजपासून प्रसूती रजा सुरू करू नका. २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. म्हणजे ही रजा लवकरात लवकर ३२व्या आठवड्यापासून सुरू होऊ शकते. २४ ते ३२ हे आठ आठवडे दुसऱ्या रजेतून भरायचे आहेत.

त्यासाठी कायद्यातच एक वेगळी रजा आहे आणि एचआर ती सहसा आपणहून सांगत नाही. गरोदरपण, प्रसूती, मुदतपूर्व जन्म, गर्भपात किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया यांतून उद्भवलेल्या आजारासाठी प्रसूती रजेखेरीज जास्तीत जास्त एक महिना पगारी रजा मिळते. तिचा दर प्रसूती लाभाचाच, म्हणजे पूर्ण. जुन्या कायद्यात हे कलम १० होतं आणि बऱ्याच कचेऱ्यांत आजही तिला ‘कलम दहाची रजा’च म्हणतात.

क्रम असा ठेवा. आधी सिक लीव्ह, कारण ती बहुतेक कंपन्यांत वर्षअखेरीस बुडते. मग हा एक महिना. शेवटी पीएल. कामाचा आठवडा पाच दिवसांचा धरला तर २९ दिवसांची शिल्लक रजा पावणेसहा-सहा आठवडे पुरते आणि महिना म्हणजे चार आठवड्यांहून थोडा जास्त. आठ आठवडे सहज निघतात, वर नऊ-दहा पीएल हातात राहतात. फक्त मधल्या शनिवार-रविवारची रजा कंपनी धरते का, ते आधी विचारा. ‘सँडविच’चा नियम असेल तर हा हिशेब आखडतो.

‘तो महिना बाळंतपणानंतर लागेल’ म्हणून राखून ठेवावा असं पुष्कळजणींना वाटतं. आमचं मत उलट आहे. नंतर तो हवा असेल तर तेव्हाही आजाराचा पुरावा द्यावा लागेल. बाळ लहान आहे हे कारण चालत नाही. पीएलला असा पुरावा लागत नाही. म्हणून आज आजार आहे तर आजाराची रजा वापरा, पीएल मागे ठेवा.

वार खाली असेल तर सिझेरियन बहुधा ३६-३७व्या आठवड्यात ठरवतात. ३२व्या आठवड्यात प्रसूती रजा सुरू केली तरी बाळ येण्याआधी चार-पाचच आठवडे जातील आणि एकवीस-बावीस हाती उरतील. एचआरचं ऐकून आज सुरू केली असती तर बारा-तेरा गेले असते.

डॉक्टरांच्या दाखल्यात काय हवं ते नीट पाहा : किती आठवडे पूर्ण झाले, अपेक्षित तारीख, आजाराचं नाव, तो गरोदरपणातून उद्भवला आहे असा स्पष्ट उल्लेख, विश्रांती कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि सहीखाली नोंदणी क्रमांक. ‘अशक्तपणा, विश्रांतीचा सल्ला’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी साध्या सिक लीव्हपुरतीच चालते. बिचाऱ्या डॉक्टरांना हा फरक माहीत असेलच असं नाही. तुम्हीच मागून घ्या.

घरून काम करायची डॉक्टरांची हरकत नसेल तर ते रजेच्या आधीचे दिवस म्हणून मागा, रजेच्या आत नको. कायद्यातली घरून कामाची तरतूद प्रसूती रजा संपल्यानंतरची आहे, तीही दोघांच्या संमतीने. आणि मंजूर रजेच्या काळात कुठेही काम केलं तर तेवढ्या काळाचा लाभ बुडू शकतो, म्हणून ‘जरा एक मेल टाकते’ हेही टाळा.

प्रश्न : चाकणला कंपनीत कंत्राटी कामगार आहे, पगार १७,००० आणि ईएसआय कापला जातो. पाचव्या महिन्यात पिशवीच्या तोंडाला टाका घातला. सुपरवायझर म्हणाले ‘ईएसआयमधून सत्तर टक्के मिळतील.’ शिवाय मध्ये कंत्राटदार बदलला. माझे पैसे बुडतील का?
— वाचक, चाकण

सुपरवायझर सांगतात तो साधा आजारपणाचा लाभ. सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के, दोन लागोपाठच्या सहामाही लाभ कालावधींत मिळून जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि त्यासाठी संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. पहिले दोन दिवस सहसा कोरडे जातात.

पण तुमचा आजार गरोदरपणातून आलेला आहे. प्रसूती लाभाला तुम्ही पात्र असाल तर ईएसआयमध्येही अशा आजारासाठी एक महिनापर्यंत जादा लाभ आहे आणि तो पूर्ण दराने मिळतो. सहा महिन्यांचा पगार १,०२,००० आणि दिवस १८२ धरले तर तुमची सरासरी रोजंदारी सुमारे ५६० रुपये येते. तीस दिवसांचे सत्तर टक्क्यांनी ११,७६० होतात, पूर्ण दराने १६,८००. पाच हजारांचा हा फरक दाखल्यात ‘गरोदरपणातून उद्भवलेला आजार’ लिहिलं आहे की नुसतं ‘आजारी’, यावर आहे. महिना संपूनही उठायची परवानगी नसेल तर पुढे ७० टक्क्यांचा लाभ घ्या. एकाच दिवसाचे दोन्ही लाभ मात्र मिळत नाहीत.

टाका खासगी रुग्णालयात घातला असेल तर तिथली कागदं घेऊन तुमच्या नावाच्या ईएसआय दवाखान्यात लगेच जा आणि दाखला तिथून सुरू करा. पिंपरी-चिंचवडकडच्या लोकांना मोहननगरचं रुग्णालय जवळ, शहरातल्यांना बिबवेवाडीचं. बाहेरचे दाखले साठवून तीन महिन्यांनी एकदम दिले की अडवणूक होते.

आता कंत्राटदाराचं. प्रसूती लाभासाठी लागोपाठच्या दोन वर्गणी कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते. हे कालावधी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असतात. कालखंड मोजताना लोक हमखास चुकतात. प्रसूती मे २०२६ मध्ये अपेक्षित असेल तर १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२५ हा काळ बघतात, प्रसूतीच्या अगदी आधीचे महिने नव्हे.

नवा कंत्राटदार आळसाने नवा विमा क्रमांक काढतो, तेव्हा दिवस दोन क्रमांकांत विभागले जातात आणि ७० भरत नाहीत असं पडद्यावर दिसतं. तुमचे दोन्ही दहा आकडी क्रमांक, आधार आणि पगाराच्या स्लिपा घेऊन शाखा कार्यालयात क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज द्या. हे काम प्रसूतीआधीच करून टाका. कंत्राटदाराने ०.७५ टक्के तुमच्या पगारातून कापून भरलेच नसतील, तरी हक्क जात नाही. देय वर्गणीही मोजली जाते आणि ती भरण्याची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते. कापल्याची स्लिप मात्र हवी. रोखीत पगार घेणाऱ्यांनी निदान हजेरी कार्डाचे फोटो काढून ठेवावेत.

एवढं करूनही ईएसआयची पात्रता बसली नाही, म्हणजे नोकरीलाच उशिरा लागलात, तर दार बंद होत नाही. ईएसआयला पात्र होईपर्यंत प्रसूती लाभ मालकाकडून मागता येतो. त्याची अट अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम, एवढीच. हे वाक्य कंत्राटदारांना ऐकून माहीत नसतं. लेखी अर्जात घाला.

प्रश्न : बाळ ३१व्या आठवड्यात झालं, महिनाभर काचेच्या पेटीत होतं. माझी रजा सुरूच झाली नव्हती. कंपनी म्हणते आधीचे आठ आठवडे बुडाले, अठराच मिळतील. बाळ एनआयसीयूत होतं त्याची जादा रजा नाही का?
— वाचक, कोथरूड

आठ आठवडे ही प्रसूतीआधीची कमाल मर्यादा आहे, ते आधी घेतलेच पाहिजेत असं कुठे नाही. आधी एकही दिवस घेतला नसेल तर २६च्या २६ आठवडे प्रसूतीच्या दिवसापासून. अठराचा हिशेब चूक आहे.

दुसरं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. जादा महिना आईच्या आजारासाठी आहे. बाळ पेटीत होतं, हे एकटं कारण त्यात बसत नाही. पण मुदतपूर्व प्रसूती सहसा कारणाशिवाय होत नाही : रक्तदाब, जंतुसंसर्ग, लवकर पाणी जाणं, सिझेरियनची न भरलेली जखम. २६ आठवडे संपताना त्यातलं काही अजून चालू असेल, किंवा प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर उपचार चालू असतील, तर तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्या नावाचा दाखला घ्या. बालरोगतज्ज्ञांचा दाखला इथे उपयोगाचा नाही.

पैशांचंही तपासा. प्रसूतीनंतरच्या काळाचा लाभ प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचा असतो. सरासरी काढताना रजेआधीच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांचाच पगार धरतात, म्हणून आधी बिनपगारी रजा झाली असली तरी रोजचा दर घसरत नाही. आठवडा सात दिवसांचा धरायचा, रविवारसकट. हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच स्पष्ट केलं आहे. रोज ६०० रुपये मिळणाऱ्या बाईला १८२ दिवसांचे १,०९,२०० मिळायला हवेत. रविवार गाळले की ९३,६०० होतात, आणि रोजंदारीवरच्या बायकांच्या बाबतीत ते सर्रास गाळतात. नुसत्या मूळ पगारावर लाभ देण्याचीही एक जुनी खोड आहे. संहितेत भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो, त्यामुळे मूळ पगार तीस टक्के दाखवून तेवढ्यावरच बोळवण करता येत नाही.

प्रश्न : २८व्या आठवड्यात बाळ पोटातच गेलं. ऑफिसने ‘मिसकॅरेज’ म्हणून सहा आठवडे मंजूर केले. पुन्हा भांडायची ताकद नाही, पण एवढंच असतं का?
— वाचक, हडपसर

नाही, आणि भांडावं लागू नये म्हणून नेमके शब्द देतो. कायद्याच्या व्याख्येत गर्भपात म्हणजे २६व्या आठवड्यापर्यंत किंवा त्या आठवड्यात गर्भाशय रिकामं होणं. त्यानंतर जे घडतं ती प्रसूती. आणि ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलेलं आहे. तुम्हाला गर्भपाताची सहा आठवड्यांची नव्हे, प्रसूतीची पूर्ण रजा लागू आहे. डिस्चार्ज कार्डावर आठवडे आणि मृतजन्म हे दोन्ही लिहिलेलं आहे का पाहा. घाईत कुणी ‘ॲबॉर्शन’ लिहिलं असेल तर रुग्णालयाकडून दुरुस्त करून घ्या. अर्ज घरच्या कुणीही तुमच्या वतीने नेऊन देऊ शकतं. पोच मात्र घ्यावी.

केंद्र सरकारच्या सेवेत असणाऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत. तिथे मृतजन्म किंवा जन्मानंतर लगेच बाळ दगावल्यास ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा २०२२ पासून मिळते.

२६ आठवड्यांच्या आत गर्भपात झाला किंवा वैद्यकीय कारणाने करावा लागला तर सहा आठवडे पगारी. त्या सहा आठवड्यांत कामावर बोलावणं मालकाला मनाईच आहे, तुम्ही तयार असलात तरी.

प्रश्न : मुलगी कॅलिफोर्नियात नोकरी करते. रक्तदाबामुळे ३०व्या आठवड्यात डॉक्टरांनी काम थांबवलं. ती म्हणते ‘डिसॅबिलिटी’वर जाते आहे. आमच्या पोटात गोळाच आला. आणि मग आपल्याकडे असं का नाही?
— वाचक, सदाशिव पेठ

गोळा येऊ देऊ नका. तिथे त्या शब्दाचा अर्थ अपंगत्व नव्हे, ‘सध्या काम करता येत नाही’ एवढाच. पगारातून कापलेल्या वर्गणीतून राज्याचा विमा चालतो. साध्या गरोदरपणात तारखेआधी ४ आठवडे, नंतर नैसर्गिक प्रसूतीला ६ आणि सिझेरियनला ८ आठवडे पैसे मिळतात. गुंतागुंत असेल तर डॉक्टर लिहून देतील तितके जास्त. पहिले सात दिवस कोरडे. २०२५ पासून दर पगाराच्या ७० ते ९० टक्के आहे. दावा काम थांबल्यापासून ९व्या दिवसानंतर आणि ४९ दिवसांच्या आत करायचा. मुलीला ही तारीख आठवण करून द्या.

हा विमा पैसे देतो, नोकरी राखत नाही. नोकरी राखण्यासाठी त्या राज्यात गरोदरपणाची चार महिन्यांपर्यंतची वेगळी रजा आहे, ती कंपनीकडे वेगळी मागावी लागते. दुसऱ्या राज्यात गेली तर चित्र पार बदलेल; देशभर लागू असलेली १२ आठवड्यांची रजा बिनपगारी आहे आणि तीही मोठ्या कंपन्यांतच.

आपल्याकडे उलट रचना आहे. प्रसूतीची रजा लांब आणि पूर्ण पगारी, पण आधीच्या गुंतागुंतीसाठी एकच महिना. ईएसआयमध्ये ‘तात्पुरतं अपंगत्व’ नावाचा ९० टक्के दराचा लाभ आहे, तो कामावरच्या दुखापतीसाठी. गरोदरपणाचा आजार त्यात बसत नाही. त्या खिडकीवर रांग लावून दिवस घालवू नका.

प्रश्न : बहिणीला प्रसूतीच्या वेळी झटके आले, मेंदूत रक्तस्राव झाला, डावी बाजू अजून लुळी आहे. रजा संपत आली. आता?
— वाचक, येरवडा

इथे मात्र खरंच अपंगत्वाचे नियम लागतात. प्रसूती रजेला जोडून आधी आजाराचा एक महिना घ्या. ईएसआय असेल तर अर्धांगवायू दीर्घकालीन आजारांच्या यादीत येतो : दोन वर्षं सलग नोकरी आणि चार वर्गणी कालावधींत १५६ दिवसांची वर्गणी असेल तर ९१ दिवसांनंतर ८० टक्के दराने वाढीव लाभ मिळतो.

सुधारणा थांबली आहे असं डॉक्टर म्हणाले की केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज करा. पुण्यात तपासणी ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात होते. फार लवकर गेलात तर तात्पुरता दाखला मिळतो किंवा परत बोलावतात. ४० टक्के किंवा जास्त आलं तर प्राप्तिकरात जुन्या करपद्धतीत ७५,००० ची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० ची. ती सरकारी नोकरीत असेल तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे सेवेत असताना आलेल्या अपंगत्वामुळे तिला काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. खासगीत हे संरक्षण इतकं पक्कं नाही, म्हणून राजीनाम्यावर सही करण्याआधी थांबा.

प्रश्न : अकरा महिन्यांचा करार प्रसूती रजेच्या मधेच संपतो. संस्था म्हणते लाभही तिथेच संपला.
— वाचक, कर्वेनगर

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात याच्या उलट निकाल दिला : पात्रता आधीच पूर्ण झाली असेल तर कराराची मुदत संपली तरी लाभ पुढे चालू राहतो. निकालाचं नाव अर्जात लिहा. रजेवर असताना काढून टाकलं किंवा लाभ नाकारला तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत दाद मागायची असते, हे दिवस बाळाच्या जागरणांत भुर्रकन जातात. अर्ज वाकडेवाडीच्या कामगार आयुक्तालयात. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत मिळते.

प्रश्न : आमच्याकडे घरकाम करणाऱ्या ताईंना सातव्या महिन्यात काम बंद करायला सांगितलं आहे. त्यांना काहीच नाही का?
— वाचक, औंध

पगारी रजेचा कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पंतप्रधान मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. नोंदणी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे. आधारशी जोडलेलं, त्यांच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. नवऱ्याच्या खात्यावर पैसे येत नाहीत आणि बहुतेक अर्ज इथेच अडकतात. बाकीचे दोन-तीन महिन्यांचे पैसे तुम्ही देऊ शकता, त्याला कुठल्याच अर्जाची गरज नाही.